क्यूबासाठी लढले आणि क्यूबा सोडून बाकी सगळं घेतलं

२० जून १८९८. पॅसिफिक महासागरातल्या ग्वाम नावाच्या एवढ्याशा बेटाच्या बंदरात अमेरिकेची 'चार्ल्सटन' ही युद्धनौका शिरली आणि तिने तिथल्या जुन्या किल्ल्यावर काही तोफगोळे डागले. किल्ल्यातून उत्तर आलं नाही. थोड्या वेळाने किनाऱ्यावरून एक होडी आली. तिच्यात बेटावरचे स्पॅनिश अधिकारी होते. त्यांनी जहाजावर चढून कप्तानाची माफीच मागितली. तुम्ही आम्हाला तोफांची सलामी दिलीत, पण उलट सलामी द्यायला आमच्याकडे तोफेची दारूच नाही. थोडी उसनी मिळाली तर बरं होईल. कॅप्टन हेन्री ग्लास यांनी त्यांना सांगितलं की सलामी वगैरे काही नव्हती, आपल्या दोन देशांत युद्ध सुरू होऊन जवळजवळ दोन महिने झालेत आणि आता तुम्ही युद्धकैदी आहात. बेटावर ही बातमी पोहोचलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी गव्हर्नरने बेट ताब्यात दिलं. पन्नासेक स्पॅनिश शिपाई जहाजावर चढवले गेले आणि 'चार्ल्सटन' मनिलाच्या दिशेने निघून गेली. ग्वामवर अमेरिकेची सत्ता आजही आहे.

किस्सा गमतीचा आहे, पण त्यातून एक प्रश्न उभा राहतो. हे युद्ध क्यूबावरून पेटलं होतं. क्यूबा फ्लोरिडाच्या दाराशी. ग्वाम आणि क्यूबा यांच्यामध्ये उत्तर अमेरिका खंड आणि जवळजवळ अख्खा पॅसिफिक पसरलेला. मग अमेरिकेची युद्धनौका तिथे काय करत होती? त्याहून मोठं कोडं म्हणजे वर्षअखेरीस तह झाला तेव्हा पोर्तो रिको, ग्वाम आणि फिलिपिन्स अमेरिकेच्या पदरात पडले होते, दरम्यान हवाईही घेऊन झालं होतं, आणि ज्याच्या नावाने लढाई केली ते क्यूबा तेवढं ताब्यात घ्यायचं नाही असं ठरलं होतं.

जिंकणाऱ्याने हरणाऱ्याचं घेतलं, हे सरळ उत्तर झालं. ते चूक नाही, पण क्यूबा का वगळलं आणि फिलिपिन्स का घेतलं हे त्यातून कळत नाही. माझ्या मते याचं उत्तर दोन गोष्टींत आहे. एक, अमेरिकेची तयारी युद्धाच्या आधीची होती, युद्धाने निमित्त पुरवलं. दोन, संसदेने ऐन वेळी एक कलम घातलं आणि त्यात एकाच बेटाचं नाव लिहिलं.

ऊस, जकात आणि बंड

मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंत पसरलेलं स्पेनचं साम्राज्य १८२५ पर्यंत बहुतेक हातातून गेलं होतं. उरलं होतं ते क्यूबा, पोर्तो रिको, फिलिपिन्स आणि पॅसिफिकमधली काही बेटं. यांतलं दुभतं होतं क्यूबा, आणि त्याचं दूध म्हणजे साखर. राज्य स्पेनचं असलं तरी साखर विकली जायची अमेरिकेत. १८९० साली अमेरिकेने कच्च्या साखरेवरची जकात उठवली आणि क्यूबात उसाचे मळे वाढत गेले. १८९४ मध्ये नव्या कायद्याने जकात परत बसवली आणि धंदा आपटला. मजूर बेकार झाले, मळेवाले बुडाले. साखरेच्या भावावर सरकारं कशी हलतात हे महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको.

स्पेनविरुद्धचा असंतोष जुनाच होता. १८६८ ते १८७८ अशी दहा वर्षं एक बंड झालं होतं आणि फसलं होतं. १८९५ मध्ये दुसरं पेटलं. त्याचा प्राण होता होसे मार्ती हा कवी आणि पत्रकार. त्याने न्यूयॉर्कमध्ये अनेक वर्षं परागंदा राहून बंडाची जुळवाजुळव केली होती. क्यूबात परतल्यावर काही आठवड्यांतच, १९ मे १८९५ ला, तो लढताना मारला गेला. बंडखोरांनी उसाचे फड जाळायला सुरुवात केली, कारण स्पेनचा महसूल त्या फडांतच होता.

स्पेनने १८९६ मध्ये जनरल व्हॅलेरियानो वेय्लर यांना पाठवलं. त्यांचं गणित सोपं होतं. गनिमी काव्याने लढणाऱ्याला भाकरतुकडा खेड्यातून मिळतो, तेव्हा खेडंच रिकामं करा. लाखो शेतकऱ्यांना बायकापोरांसह उठवून तटबंदीच्या गावांत कोंडलं. बाहेरची पिकं जाळली, गुरं मारली. आत ना पुरेसं अन्न, ना औषध. तापाने आणि उपासमारीने मेलेल्यांचा आकडा लाखाच्या वर जातो. ही छावण्यांची पद्धत लक्षात ठेवा. पुढे ती दुसऱ्याच्या हातून पुन्हा आलेली दिसेल.

न्यूयॉर्कमध्ये तेव्हा हर्स्ट आणि पुलित्झर या दोन वृत्तपत्रमालकांची जीवघेणी स्पर्धा चालू होती. वेय्लर यांना 'कसाई' ठरवून रोज नवी भडक बातमी छापली जायची. वृत्तपत्रांनीच युद्ध घडवलं असं अनेकदा सांगितलं जातं. मला ते वाजवीपेक्षा जास्त वाटतं. वृत्तपत्रांनी हवा गरम केली, पण क्यूबातले मुडदे त्यांनी कल्पनेतून काढले नव्हते. आणि राष्ट्राध्यक्ष विल्यम मॅकिन्ली मथळे वाचून युद्धाला निघणारे नव्हते. तरुणपणी ते अमेरिकेच्या यादवी युद्धात लढले होते, प्रेतांचे ढीग त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. जमेल तितके दिवस ते युद्ध टाळत राहिले.

मग 'मेन' बुडाली. हवानात दंगे झाले म्हणून अमेरिकी नागरिकांच्या काळजीपोटी ही युद्धनौका जानेवारी १८९८ मध्ये तिथल्या बंदरात जाऊन थांबली होती. १५ फेब्रुवारीच्या रात्री तिच्यात स्फोट झाला आणि २६० हून अधिक खलाशी मेले. नौदलाच्या चौकशीने बाहेरून सुरुंग लागला असा निष्कर्ष काढला. लोकांनी तो स्पेनच्या माथी मारला. १९७६ मध्ये ॲडमिरल रिकोव्हर यांच्या पथकाने जुनी कागदपत्रं नव्याने तपासली. जहाजातल्या कोळशाच्या कोठारात आपोआप आग धुमसली असावी आणि शेजारच्या दारूगोळ्याला लागली असावी, असं त्यांचं मत पडलं. स्पेनने सुरुंग लावला याचा पुरावा आजवर मिळालेला नाही. तसंही स्पेनला त्यातून काय मिळणार होतं? अमेरिकेला युद्धात ओढण्याइतकी दुसरी आत्मघातकी गोष्ट स्पेनसाठी नव्हती.

एका बेटाचं नाव असलेलं कलम

एप्रिलमध्ये अमेरिकी संसदेने क्यूबातून स्पेनने निघून जावं असा ठराव केला. त्याला कोलोरॅडोचे सिनेटर हेन्री टेलर यांनी एक कलम जोडलं. क्यूबावर सत्ता गाजवण्याचा किंवा ते बेट खालसा करण्याचा अमेरिकेचा इरादा नाही, शांतता झाली की कारभार तिथल्या लोकांवर सोपवला जाईल. कलम विनाविरोध मंजूर झालं. काहींनी ते तत्त्व म्हणून मानलं. काहींचं गणित साखरेचंही असावं, कारण क्यूबा देशात सामील झालं असतं तर तिथली साखर जकातीविना आली असती आणि देशी साखरवाल्यांचं कंबरडं मोडलं असतं. काही असो, अमेरिका परोपकारासाठी लढते आहे असं जगाला लेखी सांगून झालं.

फक्त त्या कलमात पोर्तो रिकोचं नाव नव्हतं. फिलिपिन्सचंही नव्हतं. ग्वाम तर कुणाच्या गावीही नव्हतं.

आता तयारीकडे वळू. १८९० च्या जनगणनेने जाहीर केलं होतं की पश्चिमेकडे सरकत जाणारी वस्तीची सीमारेषा आता उरलेली नाही. १८९३ मध्ये भयंकर मंदी आली. कारखाने माल काढत होते आणि गिऱ्हाईक कमी पडत होतं, म्हणून डोळे चीनच्या बाजारपेठेकडे लागले होते. नौदलातले अल्फ्रेड मॅहन हे अधिकारी बजावत होते की व्यापार राखायचा तर आरमार हवं, आणि वाफेच्या जहाजांचं आरमार हवं तर जगभर कोळसा भरून घेण्याचे तळ हवेत. शिडाची जहाजं वाऱ्यावर चालत, वाफेच्या जहाजाला ठरावीक अंतरावर कोळसा लागतोच. ही अडचण समजली की पॅसिफिकच्या नकाशावरचे ठिपके एकाएकी मोलाचे का झाले हे कळतं.

स्पेनशी युद्ध झालंच तर मनिलातल्या त्यांच्या आरमारावरही हल्ला करायचा, ही योजना अमेरिकी नौदलात १८९६ पासून कागदावर तयार होती. हेतू फिलिपिन्स घेण्याचा नव्हता. स्पेनला दोन टोकांना झुंजवायचं आणि तहाच्या वेळी हातात काहीतरी असावं, इतकाच. 'मेन' बुडाल्यावर दहा दिवसांनी, २५ फेब्रुवारीला, नौदलमंत्री दुपारी कार्यालयात नव्हते. त्यांच्या खुर्चीवर त्यांचे सहायक बसले होते, ३९ वर्षांचे थिओडोर रूझवेल्ट. त्यांनी तेवढ्या वेळात हाँगकाँगला कमोडोर जॉर्ज ड्युई यांना तार ठोकली: कोळसा भरून ठेवा, युद्ध जाहीर झालं तर स्पॅनिश जहाजं आशिया सोडून जाता कामा नयेत आणि मग फिलिपिन्सवर चाल करा. मंत्र्यांना हा आगाऊपणा रुचला नाही, पण तार रद्दही झाली नाही. ड्युई यांनी हाँगकाँगमध्ये कोळसावाहू जहाजं आधीच विकत घेऊन ठेवली. युद्ध जाहीर झालं की तटस्थ ब्रिटिश बंदरातून बाहेर पडावं लागणार, हे त्यांना ठाऊक होतं.

१ मेच्या पहाटे ड्युई यांचं आरमार मनिलाच्या उपसागरात शिरलं. स्पॅनिश जहाजं जुनी होती, एकदोन तर धड हलत नव्हती. दोनेक तास तोफा चालल्यावर दारूगोळा कमी पडतोय असा निरोप आला, म्हणून ड्युई यांनी जहाजं मागे घेतली. निरोप चुकीचा निघाला, पण थांबलोच आहोत तर खलाशांनी न्याहारी उरकून घेतली. मग पुन्हा जाऊन उरलेलं काम संपवलं. दुपार व्हायच्या सुमाराला स्पेनचं तिथलं आरमार संपलं होतं. अमेरिकेचा एकही माणूस स्पॅनिश गोळ्याने मेला नाही.

अमेरिकेत जल्लोष झाला. फिलिपिन्स नकाशावर कुठे आहे हे मला दोन हजार मैलांच्या फरकानेही सांगता आलं नसतं, असं मॅकिन्ली म्हणाल्याचं सांगतात. पण ड्युई यांच्याकडे किनाऱ्यावर उतरवायला फौज नव्हती. ती सॅन फ्रान्सिस्कोहून पाठवावी लागणार होती, वाटेत कोळसा भरायला थांबावं लागणार होतं आणि वाटेतल्या स्पॅनिश बेटाचा बंदोबस्त करावा लागणार होता. 'चार्ल्सटन' ग्वामला पोहोचली ती अशी.

हवाई: युद्धाच्या धामधुमीत

कोळसा भरायचं ठिकाण म्हणजे होनोलुलू. हवाई हे स्पेनचं कधीच नव्हतं. तिथे स्वतःचं राजघराणं होतं. १८९३ मध्ये अमेरिकी वंशाच्या मळेवाल्यांनी आणि व्यापाऱ्यांनी, अमेरिकी नौसैनिक किनाऱ्यावर उभे असताना, राणी लिलिउओकलानी यांना पदच्युत केलं आणि मग आम्हाला देशात सामील करून घ्या म्हणून मागे लागले. १८९७ चा विलीनीकरणाचा तह सिनेटमध्ये अडकला. तहाला दोन तृतीयांश मतं लागतात आणि तेवढी जुळत नव्हती. हवाईतल्या २१,००० हून अधिक मूळ रहिवाशांनी विरोधात सह्या करून अर्ज वॉशिंग्टनला पाठवले होते, त्याचाही परिणाम झाला.

युद्ध सुरू झाल्यावर मात्र युक्तिवाद एका ओळीचा झाला: ड्युई यांना मदत पाठवायची तर हवाई हवंच. सरकारने तहाचा रस्ताच सोडला आणि दोन्ही सभागृहांचा साधा संयुक्त ठराव आणला. त्याला निम्म्याहून एक जास्त मत पुरतं. ७ जुलै १८९८ ला मॅकिन्ली यांनी सही केली. सह्यांचे गठ्ठे कपाटात राहिले.

क्यूबाच्या बाजूला तोवर मुख्य लढाई उरकत आली होती. १ जुलैला सांतियागोच्या टेकड्यांवर चकमक झाली. नौदलातली नोकरी सोडून घोडदळात भरती झालेले रूझवेल्ट तिथेच गाजले. ३ जुलैला स्पेनचे ॲडमिरल सेर्वेरा यांनी सांतियागो बंदराच्या वेढ्यातून जहाजं बाहेर काढली. निकाल काय लागणार हे त्यांना निघायच्या आधीच माहीत होतं. त्यांच्या सर्वांत नव्या जहाजावर मुख्य तोफा बसवायच्याच राहिल्या होत्या आणि त्यांनी ते माद्रिदला कळवलंही होतं. काही तासांत सहाच्या सहा जहाजं गेली. स्पेनचे ३०० हून अधिक लोक मेले, अमेरिकेचा एक. या बाजूला आलेली 'ओरेगॉन' ही युद्धनौका सॅन फ्रान्सिस्कोहून दक्षिण अमेरिकेला वळसा घालून यायला ६६ दिवस लागले होते. मध्य अमेरिकेतून कालवा हवाच, हे त्या ६६ दिवसांनी साऱ्या देशाला पटवलं. पनामा कालवा १९१४ मध्ये सुरू झाला.

पोर्तो रिकोबद्दल थोडक्यात. या बेटाला स्पेनने नुकतीच स्वायत्तता दिली होती. तिथल्या निवडून आलेल्या सरकारचं कामकाज १७ जुलैला सुरू झालं आणि २५ जुलैला जनरल माइल्स यांची फौज किनाऱ्यावर उतरली. स्वतःचा कारभार मिळाला तो आठवडाभराचा.

मनिलाची लुटुपुटूची लढाई

फिलिपिनो लोकही स्पेनशी १८९६ पासून लढत होते. त्यांचे नेते एमिलियो आगिनाल्दो एका तडजोडीनंतर हाँगकाँगला गेले होते. ड्युई यांनी त्यांना अमेरिकी जहाजातून परत आणवलं. स्वातंत्र्याचं तोंडी आश्वासन मिळालं असं आगिनाल्दो आयुष्यभर सांगत राहिले, तर असं काही बोललोच नाही असं ड्युई. १२ जून १८९८ ला आगिनाल्दो यांनी कावित गावातल्या आपल्या घरी स्वातंत्र्य जाहीर केलं. त्यांच्या सैन्याने लुझॉन बेटाचा मोठा भाग सोडवला आणि मनिलाला वेढा घातला. अमेरिकी फौज जुलैअखेर पुरेशी जमली तेव्हा स्पॅनिश सैन्य शहराच्या तटाआड अडकलेलं होतं.

स्पॅनिश गव्हर्नरला शरण तर जायचं होतं, पण न लढता शरण गेलो तर माद्रिदमध्ये कोर्ट मार्शल होणार. आणि शरण जायचं ते गोऱ्या अमेरिकनांना, ज्यांच्यावर तीनशे वर्षं राज्य केलं त्या फिलिपिनोंना नाही. म्हणून बेल्जियमच्या वकिलाच्या मध्यस्थीने आतून बोलणी झाली. अमेरिकी जहाजांनी एका जुन्या किल्ल्यावर थोडे गोळे टाकायचे, स्पॅनिश तोफांनी गप्प राहायचं, मग पांढरं निशाण. अट एकच, फिलिपिनो सैनिक शहरात येता कामा नयेत. १३ ऑगस्टला हे नाटक पार पडलं. ज्यांना ते नाटक आहे हे कळवलं नव्हतं असे काही शिपाई दोन्हीकडे खरोखर मेले. शहराभोवती अडीच महिने वेढा घालून बसलेल्या फिलिपिनोंच्या तोंडाला पानं पुसली गेली.

याला आणखी एक पदर आहे. वॉशिंग्टनमध्ये युद्धबंदीच्या करारावर १२ ऑगस्टलाच सह्या झाल्या होत्या. मनिलात बातमी पोहोचली नाही, कारण समुद्रातली तारेची केबल ड्युई यांनी मे महिन्यातच कापून टाकली होती. म्हणजे मनिला पडलं ते युद्ध संपल्यानंतर काही तासांनी. पुढे तहाच्या बोलणीत स्पेनने नेमकं हेच बोट ठेवलं: युद्धबंदीनंतर घेतलेलं शहर जिंकलेलं कसं म्हणायचं? या प्रश्नाला चोख उत्तर नव्हतं, म्हणून दोन कोटी डॉलर द्यायचे ठरले. त्याला किंमत म्हणायचं की तडजोडीची रक्कम, हे ज्याने त्याने ठरवावं.

घ्यायचं की नाही

सुरुवातीला मॅकिन्ली यांना मनिलाचं बंदर पुरेसं वाटत होतं. सप्टेंबरात पॅरिसला निघालेल्या शिष्टमंडळाला लुझॉन बेटाची सूचना मिळाली. पण बंदर राखायचं तर बेट हवं, आणि बेट राखायचं तर शेजारची बेटं जर्मनीच्या किंवा जपानच्या हाती जाऊन चालणार नाही, असा विचार पसरत गेला. ऑक्टोबरात मॅकिन्ली मध्य-पश्चिमेकडच्या राज्यांत भाषणांच्या दौऱ्यावर निघाले. कोणत्या वाक्याला किती टाळ्या पडतात याची नोंद ठेवली जात होती. देशाच्या कर्तव्याच्या वाक्यांना जोरात पडल्या. महिना संपायच्या आत पॅरिसला तार गेली: सगळा द्वीपसमूह घ्या. सात हजारांवर बेटं. आगिनाल्दो यांचे प्रतिनिधी फेलिपे आगोन्सियो पॅरिसला जाऊन थांबले होते. त्यांना कुणी खोलीत घेतलं नाही. क्यूबाचाही कुणी नव्हता. १० डिसेंबर १८९८ ला सह्या झाल्या.

अमेरिकेत याला विरोध झाला आणि तो चांगला सणसणीत झाला. बोस्टनला साम्राज्यविरोधी संघटना उभी राहिली. लेखक मार्क ट्वेन तिच्यात आले. पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांनी तर दोन कोटी डॉलर मी भरतो, फिलिपिन्स सोडून द्या, अशी तयारी दाखवली. पण विरोधकांतही सगळेच लोकशाहीचे भक्त नव्हते. पुष्कळांची हरकत अशी होती की इतके काळेसावळे लोक आपल्या देशात नकोत. उलट बाजूने, साम्राज्य हे गोऱ्यांवर पडलेलं ओझं आहे असं अमेरिकेला समजावणारी किपलिंग यांची कविता फेब्रुवारी १८९९ मध्ये छापून आली. हे किपलिंग जन्माने मुंबईकर, फोर्टातल्या कलाशाळेच्या आवारातले. ओझं उचलण्याचे धडे कुठून घेतले ते वेगळं सांगायला नको.

६ फेब्रुवारी १८९९ ला सिनेटने तह ५७ विरुद्ध २७ मतांनी मंजूर केला. दोन तृतीयांशासाठी ५६ लागत होती. आठवडाभराने सिनेटर बेकन यांचा ठराव आला: क्यूबाला दिलं तसं वचन फिलिपिन्सलाही द्या, स्थिर सरकार आलं की स्वातंत्र्य. मतं पडली २९ विरुद्ध २९. उपराष्ट्राध्यक्ष होबार्ट यांनी आपलं मत विरोधात टाकलं. टेलर यांचं कलम एप्रिलमध्ये कुणी विरोध न करता पास झालं होतं, तेव्हा हातात काहीच आलेलं नव्हतं. फेब्रुवारीत तेच वचन एका मताने पडलं.

तोवर मनिलाच्या वेशीवर गोळीबार सुरूही झाला होता, ४ फेब्रुवारीच्या रात्री. जॉन हे या मुत्सद्द्याने ज्याला झकास छोटंसं युद्ध म्हटलं होतं ते जेमतेम सोळा आठवड्यांत आटोपलं होतं. अमेरिकेचे ४०० च्या आत सैनिक लढाईत मेले, रोगराईने त्याच्या कितीतरी पट. त्यातून निघालेलं हे दुसरं युद्ध अधिकृतपणे जुलै १९०२ पर्यंत, म्हणजे तीन वर्षांहून अधिक चाललं. अमेरिकेचे ४,२०० च्या आसपास, फिलिपिनो लढवय्ये २०,००० च्या आसपास, आणि हिंसा, उपासमार, पटकी यांत दोन लाखांपर्यंत सामान्य माणसं मेली असा अंदाज आहे. आगिनाल्दो यांनी समोरासमोरची लढाई सोडून गनिमी काव्याचा मार्ग धरला होता. मार्च १९०१ मध्ये ते पकडले गेले तरी लढाई थांबली नाही.

मग अमेरिकेने काय केलं? १९०१ च्या डिसेंबरात बातांगास प्रांतात जनरल बेल यांनी गावकऱ्यांना ठरवून दिलेल्या हद्दीत यायचा हुकूम काढला. हद्दीबाहेरचं धान्य, घरं, गुरं नष्ट करायची. तीन लाखांच्या आसपास लोक असे कोंडले गेले. वेय्लर यांनी क्यूबात केलं तेच, त्याच कारणाने. ज्या प्रकाराने अमेरिकी जनता चार वर्षांपूर्वी पेटून उठली होती तो आता तिच्याच फौजेचा उपाय झाला होता. सिनेटमध्ये चौकशी झाली, पाणी पाजून केलेल्या छळाच्या साक्षी झाल्या. समार बेटावर दहा वर्षांवरच्या सगळ्यांना मारा असा हुकूम देणाऱ्या जनरल स्मिथ यांना सक्तीची निवृत्ती मिळाली. त्याहून जास्त काही नाही. राष्ट्राध्यक्ष तोवर रूझवेल्ट होते.

क्यूबाचं काय झालं

टेलर यांचं कलम मोडता येत नव्हतं, म्हणून त्याला वळसा घातला गेला. १९०१ मध्ये अमेरिकी संसदेने प्लॅट दुरुस्ती मंजूर केली आणि ती क्यूबाने आपल्या राज्यघटनेत घातल्याशिवाय फौज हलणार नाही असं सांगितलं. तिच्यात काय होतं? अमेरिकेला वाटेल तेव्हा क्यूबात हस्तक्षेपाचा हक्क, परराष्ट्र करारांवर आणि कर्जावर बंधनं, आणि कोळशासाठी व नौदलासाठी जागा. घर तुमचं, पण एक किल्ली आमच्याकडे, आणि कधी यायचं ते आम्ही ठरवणार. क्यूबाच्या घटनासभेने १६ विरुद्ध ११ मतांनी ते गिळलं. मे १९०२ मध्ये स्वातंत्र्याचा झेंडा चढला आणि १९०६ मध्ये अमेरिकी अंमल परत आला. दुरुस्ती १९३४ मध्ये रद्द झाली, पण तिच्या जोरावर १९०३ मध्ये भाड्याने घेतलेला ग्वांतानामोचा तळ राहिला. दोघांनी मान्य केल्याशिवाय किंवा अमेरिकेने स्वतः सोडल्याशिवाय तो करार संपत नाही. क्यूबा सरकार कित्येक दशकं भाड्याचे धनादेश वटवतच नाही.

उरलेल्या बेटांचं नक्की स्थान काय, हा प्रश्न न्यायालयात गेला तो संत्र्यांच्या निमित्ताने. पोर्तो रिकोहून आलेल्या संत्र्यांवर न्यूयॉर्क बंदरात ६५९ डॉलर ३५ सेंट जकात लावली गेली. व्यापाऱ्याचं म्हणणं असं की बेट आता आपल्याच देशाचं, मग देशातल्या देशात जकात कसली? १९०१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की जकात योग्य आहे. बेट अमेरिकेच्या मालकीचं आहे, पण अमेरिकेचा भाग नाही. राज्यघटनेतले सगळे हक्क तिथे आपोआप लागू होणार नाहीत, संसद ठरवेल तेवढेच होतील. याआधी अमेरिकेने घेतलेला प्रदेश बहुतेक वेळा पुढे राज्य होणार असं धरलेलं असायचं. आता राज्यही नाही आणि परदेशही नाही अशी तिसरी जात कायद्यात तयार झाली. लष्करी विजयापेक्षा हा निकाल जास्त टिकला.

फिलिपिन्स ४ जुलै १९४६ ला स्वतंत्र झालं, तेव्हा आगिनाल्दो हयात होते. १९६२ मध्ये तिथल्या सरकारने स्वातंत्र्यदिन ४ जुलैवरून हलवून १२ जून केला, कावितच्या त्या घोषणेचा. हवाई १९५९ मध्ये राज्य झालं. पोर्तो रिकोच्या लोकांना १९१७ मध्ये नागरिकत्व मिळालं, पण बेटावर राहणाऱ्याला राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मत नाही. ग्वामचंही तसंच. २०२२ मध्ये पोर्तो रिकोतल्या एका अपंग रहिवाशाचा खटला सर्वोच्च न्यायालयात आला. न्यूयॉर्कमध्ये राहताना त्याला मिळणारी सरकारी मदत तो बेटावर राहायला गेल्यावर बंद झाली होती. न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी सरकारच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती गोर्सच यांनी निकालाला संमती दिली, पण सोबत लिहिलं की संत्र्यांच्या काळातले ते निकाल वंशद्वेषी समजुतींवर उभे आहेत आणि ते मोडीत काढायला हवेत. ते अजून मोडीत निघालेले नाहीत.